नियम चौदा : मुसकं

"जीभ बाहेर काढा," गुरांची डॉक्टर म्हणाली, आणि संघप्रियाचं डोकं जे फिरलं ते दिवस मावळेस्तोवर जाग्यावर आलं नाही.

तिच्या आधी सोळा जणांनी जीभ दाखवली होती. दात दाखवले होते. एकानं तर कुणी न सांगता पाय मागं उचलून बुटाचा तळ दाखवला. सगळी शिकलेली पोरं. कुणी डिप्लोमावाला, कुणी भरतीसाठी पहाटे पळणारा. पण मोटारसायकलच्या शर्यतीत आपले दात कशाला बघतायत, असं एकालाही वाटलं नाही. रांग दिसली की आपल्याकडं माणूस आधी उभा राहतो आणि नंतर रांग कशाची ते विचारतो.

"मॅडम, म्या गाय हाय का?" संघप्रियानं विचारलं.

डॉक्टर शिवलीला बिचारी आधीच कावलेली. शर्यतीत उतरणाऱ्यांची तपासणी करून दाखले द्यावेत, असं समितीचं पत्र तिला गेलं होतं. ती बैल समजून आली. बैलांचं थर्मामीटरही आणलं होतं. पण समोर पँट घातलेली सोळा पोरं बघितल्यावर ते कुठं लावायचं असतं हे तिला आठवलं आणि तिनं ते मुकाट पिशवीत सारलं. ती हळूच म्हणाली, की मलाही तोच प्रश्न पडलाय, पण सोळा झालेत, तुम्ही सतराव्या आणि शेवटच्या, जीभ दाखवा आणि मोकळ्या व्हा.

संघप्रियानं जीभ दाखवली. ज्या तऱ्हेनं दाखवली त्याला तपासणी म्हणत नाहीत, वेडावणं म्हणतात. डॉक्टरनं 'निरोगी' लिहिलं.

आता हा घोळ कसा झाला ते सांगायला हवं.

येरमाळ्याच्या अलीकडं एका आटलेल्या तलावात दर उन्हाळ्यात बैलगाड्यांची शर्यत व्हायची आणि ती बब्रुवान नानांची समिती भरवायची. नाना म्हणजे साठ एकर बागाईत, दोन ट्रॅक्टर, एक मिशी. ह्या वर्षी पोरं म्हणाली, मोटारसायकलची शर्यत घेऊ. पहिला येईल त्याला समितीचं शिफारसपत्र मिळणार होतं आणि ते पत्र असलं तरच पुण्यातल्या राज्याच्या शर्यतीत नाव घेणार होते. नाना म्हणाले, घ्या, पण समिती आमचीच आणि नियमबी आमचेच. बैलांचे बावीस नियम छापलेले होते. ते बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं दिले आणि सांगितलं, की 'बैल' दिसंल तिथं 'मोटारसायकल' कर. त्यानं कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि एका दमात काम केलं.

त्यामुळं नियम असे झाले : मोटारसायकलीस दारू पाजू नये. मोटारसायकलीची शेपटी पिरगाळू नये. मोटारसायकल मारकी असल्यास मालकानं आधी कळवावं. नियम अकरा म्हणत होता, विजेचा झटका देणारं साधन जवळ आढळल्यास जप्त करावं. म्हणून सकाळीच समितीच्या दोन माणसांनी तीन गाड्यांच्या बॅटऱ्या काढून नेल्या होत्या. संघप्रियाचा मोठा भाऊ प्रसेनजित त्यांना अर्धा तास समजावत होता, की बाबांनो, हे गाडीचं काळीज हाय. ते म्हणाले, झटका देतंय का न्हाय तेवढं सांग. देतंय म्हणल्यावर नेल्या, मग त्या गाड्या धक्का मारून चालू कराव्या लागल्या. आणि दातांच्या नियमावर तर समितीची दोन तास बैठक झाली. मोटारसायकलला दात नसतात हे नानांनीच ध्यानात आणून दिलं, तेव्हा स्वाराचे बघावेत, असा ठराव एकमतानं पास झाला.

जीभ आत घेऊन संघप्रिया पुढच्या टेबलाशी गेली. तिथं गुरुसिद्धप्पा बसला होता. हा उमरग्याकडचा. शर्यतीचा माईक गेली अठरा वर्षं त्याच्याच हातात. आवाज असा, की तो बोलायला लागला की तलावाच्या पलीकडची म्हसरं मान वर करायची. त्यानं तिच्या गळ्यात लोंबणारी काळी वस्तू बघितली. हात पुढं करून घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. नाकावर चिमटा, दोन्ही गालांवर झडपा, आत फिल्टर, मागं बांधायला पट्टा. त्यानं मागं वळून नानांना दाखवली.

"नाना, मुसकं हाय."

मुसकं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी. कोळपताना त्यानं उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून. नानांनी चष्मा लावला, नियमांचा कागद लांब धरला आणि नियम चौदा मोठ्यानं वाचला. मुसकं घातलेली जोडी शर्यतीतून बाद समजण्यात येईल. ह्या वाक्यात 'बैल' शब्दच नव्हता, म्हणून झेरॉक्सवाल्याच्या तावडीतून ते जसंच्या तसं सुटलं होतं.

संघप्रियानं सांगितलं, की हे मुसकं न्हाय, मास्क हाय. धुळीचा. शर्यतीत घालायलाच बनवलेला. ढोकीत तिचं आणि प्रसेनजितचं दुचाकीचं गॅरेज होतं. तिथल्या भंगारातून उचललेली जुनी टू-स्ट्रोक गाडी तिनं दोन वर्षं घासून-पुसून, ठोकून-ठाकून उभी केली होती. मागच्या साली दुसरीकडच्या अशाच एका शर्यतीत ती उघड्या तोंडानं उतरली. तिसऱ्या फेरीत पुढच्यांची धूळ पिऊन थांबली आणि नंतर तीन आठवडे खोकत होती. थुंकलं की काळं पडायचं. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की आता मास्काशिवाय चाक फिरवायचं नाही आणि चाक फिरवल्याशिवाय राहायचंही नाही. हे सगळं तिनं सांगितलं. पहिल्यांदा नीट सांगितलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं.

नाना म्हणाले, काढ न्हायतर बाद.

तेवढ्यात नानांचा मुलगा इंद्रजित टेबलापाशी आला. त्याच्या हेल्मेटला दोन वीतभर लांब प्लास्टिकची शिंगं चिकटवलेली, लाल रंगाची, टोकाला गोंडे. गुरुसिद्धप्पानं नियम आठ बघितला. शिंगं रंगवलेली व गोंडे बांधलेली चालतील. इंद्रजितच्या फॉर्मवर शिक्का पडला.

"म्हंजी ह्याची शिंगं चालतेत," संघप्रिया म्हणाली, "आन माजं नाक झाकलेलं चालंना."

"नियमात बसतंय ते चालतंय," नाना म्हणाले.

"नाना, ह्यो नियम बैलाचा हाय."

"नियम नियम असतोय. बैल का माणूस, ते नियम बगत न्हाय." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, आवाज जरा मऊ करून ते म्हणाले, "पोरी, तुजा बाप वीस वर्सं माझ्या हडंब्यावर व्हता. भुसकटात दिसायचा न्हाय. पर मच्छिंद्रानं कवा तोंडाला फडकं मागितलं न्हाय. आन तुला पाच फेऱ्याला मुसकं लागतंय व्हय?"

हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र. एका बाजूनं सोयाबीन घालायचं, दुसऱ्या बाजूनं दाणे पोत्यात आणि भुसकट हवेत. नानांनी हे कौतुकानं म्हणलं होतं. मच्छिंद्राची आठवण काढली म्हणजे पोरगी निवंल, असा त्यांचा हिशोब.

संघप्रियानं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मागितलं न्हाय म्हणूनच आज अंगणातनं दारापत्तर येऊस्तोवर दोनदा खाली बसतोय त्यो. शिट्टी वाजती छातीत. नाना, तुमच्या हडंब्यानं सोयाबीन तुमच्या घरात टाकलं आन भुसकट माझ्या बापाच्या छातीत. ह्यो मास्क निघणार न्हाय."

 माईक खरखरला, कारण गुरुसिद्धप्पा बटण बंद करायचं विसरला होता आणि हे सगळं तलावभर ऐकू गेलं होतं. कडेला बसलेल्या बायांपैकी कुणीतरी "बरोबर हाय की" म्हणालं. नानांच्या मिशीची टोकं हलली. माघार घ्यावी तर पोरासमोर नाक कापलं जातंय. मग त्यांनी नियमातूनच वाट काढली. चौदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की तोंडास जखम किंवा आजार असल्यास गुरांच्या डॉक्टरच्या दाखल्यानं मुभा. घे दाखला, भर फॉर्म, असं म्हणून त्यांनी तो कागद तिच्याकडं ढकलला. सगळ्यांनी भरला होता तोच फॉर्म. त्यांना वाटलं, बैलाचा फॉर्म भरायला ही तयार व्हायची नाही आणि आपोआप टळंल.

गुरुसिद्धप्पानं पेन उघडलं. नाव लिहिलं. 'मालकाचं नाव' इथं मच्छिंद्र लिहिलं. मग सवयीनं, वर न बघता विचारलं, "जात?"

संघप्रियाचं उरलंसुरलं डोकं इथं गेलं. शर्यतीला जात कशाला पायजे, असं तिनं विचारलं. फॉर्मात हाय, तो म्हणाला. सगळ्यांनी सांगितली, तुमीबी सांगा, त्यात लाजायचं काय. शेवटच्या तीन शब्दांवर तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. फाडायलाच घेतला होता. पण फाडायच्या आधी वाचायची तिची सवय होती. गॅरेजात पार्टसचं खोकं फाडायच्या आधी ती नेहमी वरचा नंबर वाचते.

तिनं वाचलं. रंग. वय, दातांवरून. शिंगांचा आकार. वशिंड, आहे किंवा नाही. आणि त्याच्या खाली, जात.

तिनं टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि बाकीचे सोळा फॉर्म चाळले. सोळाच्या सोळा जणांनी त्या रकान्यात आपापली जात लिहिली होती. काहींनी पोटजातीसकट. एकानं कुळी लिहिली होती. एकानं नुसतंच 'उच्च'. इंद्रजितच्या फॉर्मवर बापाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आपलीच'. वशिंडापुढं कुणी काही भरलं नव्हतं. तो रकाना कुणाला कळलाच नाही. पण जातीच्या रकान्यात एकालाही शंका आली नव्हती. बैलाला विचारलेला प्रश्न आपल्यालाच विचारलाय असं वाटून सोळा माणसांनी मान वर करून उत्तर दिलं होतं.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कानशिलं तापली. तिनं गठ्ठा उचलला आणि डॉक्टर शिवलीलापुढं आपटला.

"मॅडम, ह्यातली कुठली जात तुमच्या खात्याच्या यादीत हाय का, जरा बगा."

शिवलीलानं एकेक कागद वाचला. तिचे खांदे हलायला लागले, पण चेहरा सरकारी ठेवला. तिनं सांगितलं, की आमच्याकडं देवणी आहे, खिल्लार आहे, लाल कंधारी आहे. ह्या सोळांपैकी एकही जात आमच्या यादीत नाही. 'आपलीच' तर मुळीच नाही.

"आन नियम तीन वाचा, गुरुसिद्धप्पा," संघप्रिया म्हणाली. "माईकवर वाचा."

त्यानं वाचला. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. मोटारसायकलीची जात खोटी नोंदवल्यास मोटारसायकल व मालक दोघेही बाद.

तोवर संघप्रियानं पेन घेतलं होतं. जातीपुढं दातओठ खात 'लाल कंधारी' लिहिलं. वशिंडापुढं 'नाही'वर खूण केली, शिंगांपुढं 'अजून आली नाहीत' लिहिलं. शिवलीलानं 'धुळीमुळे श्वसनास अपाय, मुसकं आवश्यक' असा दाखला दिला आणि शिक्का असा मारला, की टेबलावरचा पाण्याचा गिलास उडाला. आता त्या मैदानात शर्यतीला पात्र असा एकच प्राणी उरला होता आणि तो रागानं थरथरत नानांपुढं उभा होता.

नानांनी हिशोब केला. एक तर सोळा बाद, त्यात पोटचा पोरगा, आणि ही एकटीच पाच फेऱ्या मारून पत्र घेऊन जाणार. नाहीतर पोरांसाठी नियम तीन आणि हिच्यासाठी नियम चौदा, दोन्ही गुंडाळायचे. त्यांनी पाणी प्यायलं आणि जाहीर केलं, की समितीनं उदार मनानं जातीचा रकाना रद्द केलेला असून सर्वांनाच मुसक्याची परवानगी दिलेली आहे. ज्याला पाहिजे त्यानं दस्ती बांधावी, फडकं बांधावं.

"ज्याच्यात दम न्हाय त्यानं बांधावं," इंद्रजित शिंगं हलवत म्हणाला.

झालं. खिशातून अर्ध्या बाहेर आलेल्या पंधरा दस्त्या परत खिशात गेल्या.

मे महिन्याचा तलाव होता तो. वरचा गाळ शेतकऱ्यांनी शेतात टाकायला उपसून नेलेला आणि खाली उरली होती दळलेल्या पिठासारखी माती. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत धूर. पाणी मारायला एक टँकर आला होता. तो सगळाच्या सगळा व्यासपीठापुढं ओतला. बोलावलेले पाहुणे धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून. त्यामुळं तलावात सगळीकडं पीठ आणि मांडवापुढं तेवढा चिखल, अशी तयारी झाली. मांडवाच्या मागं पाहुण्यांचा वीस फुटी फ्लेक्स, त्यात पाहुणे हात जोडून हसतायत आणि खाली खरे पाहुणे घाम पुसतायत.

प्रसेनजितनं तिच्या मास्कचा पट्टा मागून ओढून बघितला. एवढंच म्हणाला, की संघे, राग गाडीवर काढू नको, गाडी जुनी हाय. ती म्हणाली, मंग कुणावर काढू. तो म्हणाला, वळणावर काढ.

झेंडी पडली. सतरा गाड्यांनी मिळून जी धूळ उठवली ती पहिल्या फेरीत कमरेएवढी होती आणि दुसऱ्या फेरीत झाडाएवढी. पुढं इंद्रजित सुटला, आणि जो पुढं असतो त्याला धूळ नसते. तो धूळ करतो, बाकीचे खातात. बाकीच्यांनी खाल्ली. संघप्रिया सातवी होती. कानात इंजिनाची किरकिर आणि मास्कच्या आत स्वतःचा श्वास, आत-बाहेर, आत-बाहेर, हळद निवडणाऱ्या बाईच्या हातासारखा एकसारखा. पुढचा एक डोळे पुसायला हळू झाला. ती सहावी झाली. एक खोकायला वाकला तो गाडीसकट वाकला. पाचवी. तिसऱ्या फेरीत दोघांनी गाड्या उभ्या करून पाणी मागितलं. आणखी एक जण सरळ निघाला तो वळायचं विसरला आणि संध्याकाळी हायवेला एका चहाच्या टपरीवर सापडला. तिथं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शर्यत कुठाय म्हणून विचारत होता.

इंद्रजित एवढा पुढं गेला, एवढा पुढं गेला, की चौथ्या फेरीत तो सगळ्यांच्या मागं पोचला. गोल वाट. आपणच उठवलेली धूळ त्याला तिथं भेटली. आता त्याला ना वाट दिसेना ना झेंड्या. दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. गुरुसिद्धप्पा माईकवर ओरडत होता, की इंद्रजितभैय्या पुढं, इंद्रजितभैय्या सगळ्यात पुढं. त्याला स्वतःलाही काही दिसत नव्हतं, पण कुणाचं नाव घ्यायचं ते आधीच ठरलं होतं. इंद्रजितनं त्या आवाजाच्या रोखानं गाडी घातली. स्वतःचं कौतुक जिकडून ऐकू आलं तिकडं तो गेला, आणि कौतुक मांडवातून येत होतं.

टँकरच्या चिखलात पुढचं चाक गेलं. गाडी आडवी झाली आणि इंद्रजित पोटावर घसरत सत्काराच्या टेबलाखालून, नारळ-शालींच्या मधून, फुलांच्या कुंड्या घेऊन पलीकडं निघाला. दोन्ही शिंगं पाहुण्यांच्या फ्लेक्समध्ये बरोबर जोडलेल्या हातांच्या खाली, पोटाच्या जागी रुतली. खरे पाहुणे खुर्चीवर उभे राहिले आणि पोट धरून बघू लागले. सगळे तिकडं धावले. त्यामुळं संघप्रिया पाचवी फेरी संपवून झेंडीपाशी आली तेव्हा झेंडीवाला पाठ करून उभा होता. तिनं त्याच्या मागं गाडी उभी केली आणि तो वळेपर्यंत हॉर्न दाबून धरला. वळल्यावर त्यानं घाबरून झेंडी टाकली. पहिली.

धूळ खाली बसायला पाव तास लागला. हरकत घ्यायला इंद्रजितला तेवढाही लागला नाही. फ्लेक्समधून काढल्यावर पहिलं वाक्य तो तेच बोलला. खोकत, थुंकत, की ही गाडीवर नव्हतीच. तिचा भाऊ होता. पाच फेऱ्या बाईमाणसाला जमत न्हाईत. हेल्मेट, गॉगल, वरून मुसकं. आत कोण होतं कुणी बघितलंय?

नानांचा चेहरा उजळला. आवाज बसला होता, तरी त्यांनी घोगऱ्या गळ्यानं सांगितलं, की मुसक्याला मनाई उगाच नसती. लोक मुसक्याआड बैल बदलत्यात. तीस वर्सं बगतोय म्या.

संघप्रिया अजून मास्कमध्येच होती. आत ती काय बोलली ते बरं झालं कुणाला कळलं नाही.

मग पुन्हा गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. जनावर बदललं का नाही हे तीच सांगणार. शिवलीलानं भाऊ-बहीण शेजारी उभे केले. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत मातीचे. तिनं संघप्रियाला मास्क काढायला सांगितलं. संघप्रियानं मास्क ओढून खाली केला. नाक, ओठ, हनुवटी, मास्कच्या आकाराची एक स्वच्छ जागा. घाम तेवढा. बाकी सगळी माती. प्रसेनजितच्या भुवयांपासून दातांपर्यंत कुठंही कोरी जागा नव्हती. पण नानांना ते पुरेना. तोंड काय, धुता येतंय, ते म्हणाले.

"थुंका," शिवलीला म्हणाली.

प्रसेनजित थुंकला. काळी-तपकिरी गोळी पडली. संघप्रियानं नानांच्या पायताणापासून बरोबर एक वीत जागा निवडली आणि थुंकली. पांढरं स्वच्छ पाणी.

आता तुलना करायला अजून नमुने पाहिजेत असं कुणीतरी म्हणालं. इंद्रजित थुंकला, चहासारखं. गुरुसिद्धप्पा थुंकला, कॉफीसारखं. झेंडीवाला थुंकला. आपलं जास्त काळं का त्याचं, ह्यावरून समितीच्या दोन मेंबरांत जुंपली. मग चढाओढीनं समितीची सगळी माणसं ओळीनं वाकली आणि थुंकली. पाहुण्यांनीही एका बाजूला जाऊन, कुणी बघत नाही असं बघून थुंकून घेतलं. थुंकीवरून माणसाची पायरी ठरवायची रीत आपल्याकडं जुनीच, पण ती ह्या कामाला कधी आली नव्हती. सगळ्या तलावात पांढरी थुंकी एकच निघाली.

"फेऱ्या मारताना मास्क हिच्याच तोंडाला होता," शिवलीला म्हणाली. "दुसरा कुणी असता तर हिच्या पोटात धूळ असती. लिहून देऊ?"

नानांनी शिफारसपत्र काढलं. संघप्रिया टेबलाशी उभी राहिली आणि त्यांनी एकेक अक्षर काढेपर्यंत हलली नाही. पत्राच्या छापील मजकुरात 'सदर मोटारसायकल सशक्त असून तिला चांगला खुराक आहे' असं होतं. ते तिनं खोडायला लावलं. 'मालक : मच्छिंद्र' खोडायला लावलं. तिथं स्वतःचं नाव लिहायला लावलं, प्रत्येक खाडाखोडीवर सही घ्यायला लावली. सात सह्या झाल्या. पत्र घडी करून तिनं खिशात घातलं.

नाव जाहीर करायला गुरुसिद्धप्पानं माईक तोंडाला लावला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या माईकमधून नुसता वारा आला. घसा पार बसला होता. नानांनी माईक घेतला. तीच गत. पाहुण्यांनी हात हलवून नको म्हणलं. इंद्रजित बाजूला बसून चिखल ओकत होता. कडेच्या बाया-बापड्यांनी पदर-उपरणं तोंडाशी धरलेलं. तलावभर खोकल्याशिवाय दुसरा आवाज नाही.

संघप्रियानं माईक नानांच्या हातातून काढून घेतला.

"म्या संघप्रिया मच्छिंद्र," ती म्हणाली, खणखणीत. "पयली आलेय. ते कुणी सांगंना म्हणून सांगतेय. आन आता हडंब्याचं सांगते."

आणि तिनं सांगितलं. पहिल्या हंगामापासून सांगितलं. कुठल्या साली किती पोती निघाली आणि त्या साली बाप किती रात्री बसून झोपला, कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, दिवाळीत नानांनी साखर पाठवली पण एक साधं फडकं कधी पाठवलं नाही, सगळं. पाच-सात मिनिटं झाली. मध्येच कुणी तिला थांबवलं असतं, एरवी नक्कीच थांबवलं असतं. पण थांबवायला घसा लागतो.

नानांना मात्र राहवेना. त्यांनी बोट वर केलं, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि त्यांना खोकला लागला. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून ते खोकत राहिले. संघप्रिया माईक धरून थांबली. त्यांचा खोकला पुरता संपेपर्यंत थांबली. मग तेराव्या हंगामापासून पुढं सांगायला लागली.